ढोलकी वाजली की पिंजण बसतं

अकोल्याच्या बसस्टँडवर कंडक्टरनं आधी पिंजणाकडे पाहिलं, मग खालूंकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "याचं फुल तिकीट फाडू का हाफ?"

खालू, म्हणजे खालाचे यजमान, बोलणारे नव्हतेच. त्यांनी पिंजण छातीशी अजून थोडं घट्ट धरलं. खाला पुढे झाली. म्हणाली, "भाऊ, आमच्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस हाय हे. याले ज्येष्ठ नागरिकात बसव."

कंडक्टर हसला आणि पिंजण फुकटात आत आलं. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य. माणसाहून उंच लाकडी दांडा आणि त्याला ताणून बांधलेली तात. लाकडी ठोकळ्यानं तात हाणायची, ती थरथरते आणि तिच्यात अडकलेला कापूस फुलून उडतो. मागच्या लांब सीटवर ते आडवं मावेना, म्हणून मधल्या वाटेत तिरपं उभं केलं. खालू त्याला धरून उभे, त्यांच्यामागे मी, आणि आमच्या पुढच्या सीटवर खाला आणि तिची मुलगी, मांडीवर ढोलकी घेऊन. बस गतिरोधकावरून उडाली की तात आपोआप हलायची आणि 'टुंऽऽग' असा जाडा आवाज बसभर फिरायचा. मूर्तिजापूर येईपर्यंत लोकांना त्याची सवय झाली. बडनेऱ्याच्या अलीकडे तर खिडकीशी बसलेले एक आजोबा गतिरोधक दिसला की आधीच बोट वर करायचे, आणि टुंग झालं की समाधानानं खाली करायचे. खालाची मुलगी ओढणी तोंडात कोंबून हसत होती. मी तिच्याकडे पाहायचंच टाळलं. आम्ही दोघी एकदा हसायला लागलो की थांबत नसू, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं.

खाला माझी रक्ताची मावशी नव्हे. आईचं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या त्या बाजूला. आईच्या घरासमोर खालाचं घर. दोघी एकाच बाकावर शिकल्या. पुढे आई वकिलाची बायको होऊन अमरावतीला आली आणि खाला लग्न होऊनही गल्लीतच राहिली, चार घरं पलीकडे, पिंजाऱ्याच्या घरी. तिथे खालूंचं गाद्या-उशांचं दुकान होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि तिची मुलगी त्या दुकानातल्या कापसाच्या ढिगावर दिवसभर लोळायचो. संध्याकाळी नाकाकेसांत कापूस घेऊन आजीसमोर उभ्या राहायचो. पिंजायचं मशीन आलं तेव्हा पिंजण दुकानाच्या भिंतीवर टांगलं गेलं. खालू कधीतरी ते उतरवून पुसत आणि एकदोनदा तात वाजवून परत टांगत. बस्स, तेवढंच.

त्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडे कापसाची वाईट वर्षं सुरू होती. पेपर उघडला की पहिल्या पानावर आमच्याच जिल्ह्यांची नावं असत, आणि ती वाचून बाबा पेपर उलटा घालून ठेवत. बाबांच्या ऑफिसात पक्षकार काम आटोपलं तरी व्हरांड्यात बसून राहत, जणू घरी परतायची कुणालाच घाई नव्हती. त्या दोन-तीन हंगामांत लग्नं गुपचूप लागायची. मांडव छोटा, वरात नाही.

नवरा मुलगा अकोटचा, कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला. त्याचे वडील नव्हते. सगळं पाहायचे त्याचे मोठे चाचा, उंच, गंभीर, कापलेल्या पांढऱ्या दाढीचे. त्यांनी बोलणीच्या वेळीच सांगितलं की देण्याघेण्याचं काही नाही, फक्त एक विनंती आहे. बँड नको आणि डीजे नको. त्यांच्या ओळखीच्या दोन घरांत त्या वर्षी माणसं गेली होती, शेतीपायी. अशात वाजवत येणं त्यांना बरं वाटत नव्हतं. खालानं मान्य केलं. नंतर आईला फोनवर म्हणाली, त्या माणसाचं मन चांगलं आहे. पण लग्नात गाणंच नाही म्हणजे पोरीला चोरून पाठवल्यासारखं होईल.

गल्लीतल्या प्रत्येक लग्नात खालाच गायची. माझ्या आईच्या घरच्या ओव्या आणि स्वतःच्या घरची ढोलकगीतं यांची तिनं अशी सरमिसळ केली होती की कुठलं कडवं कुठल्या घरचं, हे आता तिलाही सांगता येत नसे. पण स्वतःच्या मुलीच्या लग्नात आई गात बसली तर पाहुण्यांकडे कोण पाहणार? तेव्हा तिला मी आठवले. गाणं आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं आणि त्यात खालूंचं पिंजणही वाजवायचं, असं ठरलं.

मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर होऊन घरी बसले होते. कागदोपत्री मी बँकेच्या परीक्षेचा क्लास करत होते. खरं पाहता बाबांच्या ऑफिसामागच्या खोलीत मी एक सेकंडहँड कॉम्प्युटर, एक माईक आणि साउंडकार्डाचा एक छोटा डबा मांडून रेकॉर्डिंग करायचे. शाळांच्या गॅदरिंगची गाणी, रिक्षातून फिरणाऱ्या दवंड्या, कुणाच्या तरी बाळाच्या बारशाचा पाळणा. त्या खोलीत चारी भिंतींना बाबांचे कायद्याचे ग्रंथ छतापर्यंत लावलेले होते. आवाज त्या जाड पुस्तकांत शिरायचा आणि परत यायचा नाही. अमरावतीत तेव्हा इतकी शांत खोली दुसरी नसेल. बाबांना यातलं काही पटत नव्हतं, पण रेकॉर्डिंग चालू असलं की ते पक्षकारांना कुजबुजत सल्ला द्यायचे. एक पक्षकार म्हणे बाहेर जाऊन सांगत होता की वकीलसाहेबांचा घसा गेला.

तर त्या दिवशी आम्ही पिंजण घेऊन खोलीत आलो. दारातून आत घेताना कायद्याचे दोन खंड खाली पडले. आईनं सगळ्यांना चहा आणि आलूबोंडे दिले. मग मी ढोलकी आधी घेतली, मग पिंजण, मग खालाचा आवाज, असे तीन वेगळे ट्रॅक केले.

ढोलकी खालाची मुलगी वाजवत होती. होणारी नवरी स्वतःच्या लग्नाची ढोलकी वाजवते आहे, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. तिच्याइतकी ठाम थाप गल्लीत कुणाची नव्हती. खालू खुर्चीवर बसेनात. त्यांनी जमिनीवर बसून पिंजण आडवं टांगायला सांगितलं. शेवटी पंख्याच्या कडीला दोरी बांधून टांगलं. कानाला हेडफोन लावून मुलीची ढोलकी ऐकत त्यांनी तात हाणायला सुरुवात केली. सुरुवातीला मान खाली होती. थोड्या वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. दुकानात मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

आणि खाला गायली. गाणं तिनंच जुळवलं होतं. "बाप पिंजे कापूस, लेक भरे उशी, सासरच्या घरी तिले झोप येईन कशी." आई दाराशी उभी होती ती आत स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यांना संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. पुढच्या रविवारी लग्नाच्या खरेदीला ते अमरावतीला येणारच होते, तेव्हा गाणं तयार करून ऐकवायचं ठरलं.

आठवडाभर मी ते गाणं घेऊन बसले आणि ते काही केल्या उभं राहीना. ढोलकीची डावी थाप आणि पिंजणाची तात, दोन्हींचा आवाज जाड आणि खोल. दोघं एकाच जागी यायचे. पिंजण वर घेतलं की ढोलकी गायब. पिंजण खाली केलं की तेच गायब, आणि ज्याच्यासाठी एसटीतून एवढा प्रवास केला ते ऐकूच येईना. रविवारी मी ते तसंच वाजवलं. खाला जमिनीवर मांडी घालून ऐकत होती. गाणं संपल्यावर तिनं जरा विचार केला.

"बेटा," ती म्हणाली, "ही ढोलकी गादीत गुंडाळून वाजवून राहिली का?"

तिची मुलगी आडवीच झाली हसून. मीही. पण खाला गंमत करत नव्हती, तिनं अगदी बरोबर सांगितलं होतं.

मी त्यांना म्हटलं, यावर एक उपाय सापडलाय, साइडचेन कॉम्प्रेशन म्हणतात, पण मला अजून जमलेलं नाही. खालानं विचारलं, ते काय असतं? मी सांगितलं की कॉम्प्रेसर हा आवाजावर बसवलेला एक पहारेकरी. आवाज फार मोठा झाला की तो दाबून खाली करतो. एरवी तो ज्याच्यावर बसवला त्याचाच आवाज ऐकतो. साइडचेनमध्ये त्याला बसवायचं एकावर आणि कान द्यायला लावायचं दुसऱ्याकडे. म्हणजे पहारेकरी बसवायचा पिंजणावर आणि ऐकायला लावायची ढोलकी. ढोलकीची थाप पडली की तेवढ्यापुरतं पिंजण खाली बसेल, थाप संपली की उठेल.

"म्हणजे पोरगी बोलली की बाप गप," खाला म्हणाली. "आमच्या घरी हे आधीपासूनच हाय." खालूंनी मान डोलावली.

डोंगलवरच्या इंटरनेटवर मी आठवडाभर एकच व्हिडिओ तुकड्यातुकड्यानं पाहिला होता. कुठल्याशा देशातला एक मुलगा मला न कळणाऱ्या भाषेत बोलत होता. मी त्याचं बोलणं सोडून फक्त माऊस कुठे जातो ते पाहत होते. मधेच चक्र फिरायला लागायचं आणि त्याचा माऊस अर्ध्या वाटेत थिजायचा. त्यानं कॉम्प्रेसर उघडला, एका कोपऱ्यातलं बारीक बटण दाबलं, मग एक यादी उघडली आणि तिच्यातून काहीतरी निवडलं. काय निवडलं, ते नेमकं चक्रानं गिळलं.

आता सगळ्यांच्या देखत मी तेच केलं. पिंजणाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर टाकला, बटण दाबलं, यादी उघडली. यादीत 'इनपुट एक', 'इनपुट दोन' आणि खाली ट्रॅकची नावं होती. ढोलकी मी साउंडकार्डाच्या पहिल्या भोकातून रेकॉर्ड केली होती, म्हणून मी 'इनपुट एक' निवडलं आणि गाणं सुरू केलं.

काहीच फरक पडला नाही. पिंजण घुमत राहिलं, ढोलकी गादीतच.

"अजून तसंच हाय," खाला म्हणाली.

आणि पिंजण खाली बसलं. ती बोलत होती तेवढा वेळ ते दबून राहिलं, आणि तिचं वाक्य संपताच हळूच वर आलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं भास झाला. "खाला, अजून एकदा बोल," मी म्हटलं.

"काय बोलू?"

पिंजण बसलं.

"काहून बसून राहिलं थे?"

पुन्हा बसलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रेकॉर्डिंगच्या दिवशी पहिल्या भोकात ढोलकीचा माईक होता, पण आज त्याच भोकातला माईक चालू होता आणि तो खालाच्या पुढ्यात पडला होता. पहारेकऱ्यानं कान द्यायचा तो ढोलकीकडे, पण मी त्याला खालाच्या तोंडाशी नेऊन बसवलं होतं.

मी चूक दुरुस्त करायला हात पुढे केला तर तिच्या मुलीनं माझं मनगट धरलं. "थांब न," ती म्हणाली. "थोडं खेळू दे."

मग जे झालं ते आठवलं की आजही माझं पोट दुखतं. खालानं माईक हातात घेतला आणि नुसतं "हं" केलं. पिंजण दबलं. "हं, हं." दोनदा दबलं. तिनं खोकून पाहिलं. तिनं भाजीवालीशी भाव करावा तसा सूर लावला, तर पिंजण सगळा वेळ पाण्याखाली गेल्यासारखं झालं. मग मधेच गप्प बसून तिनं वाट पाहिली, आणि पिंजण हळूच डोकं वर काढतंय तोच "आलं का?" म्हणून त्याला परत दाबलं. मुलीनं माईकसमोर टेबलावर बोट टिचकावलं. मी शिट्टी वाजवली. खालूंना माईक दिला तर त्यांनी बराच वेळ तो धरून ठेवला आणि शेवटी अगदी बारीक आवाजात स्वतःच्या पिंजणाला म्हणाले, "बस." ते बसलं. खालू लाजून लाल झाले.

आमचा गलका ऐकून बाबा आत आले. रविवार असूनही ते एका कामाचे कागद चाळत बसले होते आणि आम्हांला दटावायला आले होते. खालानं त्यांच्यापुढे माईक धरला. "भाऊजी, तुमी बोलून पाहा."

"मी काय बोलू?" बाबा म्हणाले आणि पिंजण नरम झालं.

बाबांनी स्पीकरकडे पाहिलं. घसा साफ केला. ते पुन्हा नरम झालं. मग बाबांनी एक हात पाठीमागे घेतला, कोर्टात घेतात तसा, आणि जमिनीच्या वाटपाच्या कुठल्याशा दाव्यातला युक्तिवाद सुरू केला. सावकाश, ठणठणीत. प्रत्येक मुद्द्याला पिंजण मान खाली घालायचं आणि बाबा श्वास घ्यायला थांबले की उठायचं. बाबांचा चेहरा बदलत गेला. शेवटी माईक खाली ठेवून म्हणाले, "एवढी वर्षं वकिली केली, पण मी बोलताना असं आदरानं कुणी गप्प बसलं नव्हतं." आणि ते हसायला लागले. व्हरांड्यातून कागद उडाल्याचा आवाज आला तरी ते गेले नाहीत. बाबांना डोळे पुसेपर्यंत हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

सगळे शांत झाल्यावर मी यादीतून 'ढोलकी' हा ट्रॅक निवडला. आता पहारेकरी योग्य ठिकाणी कान देऊन बसला. पण काम तिथे संपलं नाही. पिंजण किती दाबायचं हे ठरवायचं होतं आणि त्याहून मोठा प्रश्न होता तो किती वेळानं सोडायचं. लवकर सोडलं तर ते थरथरायचं, खिळखिळ्या खाटेसारखं. उशिरा सोडलं तर पुढची थाप यायची आणि ते उठायचंच नाही. मी ते बटण इंचाइंचानं फिरवत राहिले. सगळे श्वास रोखून ऐकत होते. खाला बोटांनी इशारा करायची, अजून, अजून, नाही, परत.

एका जागी ते बसलं. ढोलकीची थाप लख्ख ऐकू आली, कोरडी, टणक. ती पडली की पिंजण बाजूला व्हायचं आणि लगेच तिच्या मागून फुगत वर यायचं, पुढच्या थापेपर्यंत. थाप आणि फुगणं, थाप आणि फुगणं. नुसतं बसून ऐकणं शक्यच नव्हतं. माझा पाय हलायला लागला. खालाची मान हलायला लागली. तिच्या मुलीनं मला हात धरून उठवलं आणि त्या कायद्याच्या पुस्तकांमध्ये आम्ही दोघी गोल गोल फिरायला लागलो. मागून खाला आली, तिनं आईला ओढलं, आणि खोलीत जागा उरली नाही म्हणून आम्ही चौघी रांगेनं बाबांच्या ऑफिसातून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून परत आत अशा नाचत गेलो. खालू टांगायच्या दोरीकडे बघत बसले होते आणि मांडीवर ताल धरत होते.

त्या संध्याकाळी त्यांना सोडायला स्टँडवर गेले तेव्हा मुलगी मला म्हणाली, "माईकवालं चुकलेलं ठेव. लग्नात लागीन."

म्हणून लग्नाला मी कॉम्प्युटरसकट गेले. जुन्या शहरातल्या गल्लीत मांडव टाकला होता. मांडववाल्यानं दोन स्पीकर आणि एक जनरेटर दिला होता, कारण दुपारची वीज जायची ती जायचीच. मी पिंजणाच्या ट्रॅकवर एक कॉम्प्रेसर ढोलकीकडे कान देणारा ठेवला, आणि सगळ्या संगीतावर दुसरा, चालू माईककडे कान देणारा. म्हणजे खाला माईकवर कुणालाही हाक मारो, संगीत आपोआप तिला वाट देणार. मला कुठल्याही बटणाला हात लावायची गरज नव्हती. मी खुर्चीत बसून खानसाम्यानं आधीच चाखायला दिलेला गोड जर्दा पुलाव खात होते.

अकोटहून वऱ्हाड बस करून आलं. निकाह झाला, मुबारकबाद झाली, आणि मग खालानं मला खूण केली. मी गाणं सुरू केलं. आवाज मोठा नव्हताच, पण पिंजणाचा पहिला टुंग स्पीकरातून निघाला आणि मी पाहिलं, चाचा ताठ झाले. ते सरळ माझ्या टेबलाकडे यायला निघाले. खालाही पाहत होती. ती मधे आली.

चाचा तिला म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं?"

"बँड नाई ठरला होता, डीजे नाई ठरला होता," खाला म्हणाली. "हे आमच्या घरचं पिंजण हाय. याले मी बाहेर कुठं ठेवू?"

चाचा तिथेच थांबले. ते उभे राहून ऐकत होते. त्यांच्या मागोमाग वऱ्हाडातली दोन-तीन वयस्क माणसं आली आणि तीही ऐकायला लागली. जिनिंगची माणसं होती सगळी. त्यांतल्या एकानं डोळे मिटूनच विचारलं, कोण पिंजून राहिलं? खालूंनी दुरूनच हात वर केला. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खालाला म्हणाले, "वाजू द्या."

पुढचं सगळं त्यांच्याच हातून घडलं. जेवण तयार झालं तेव्हा खालानं मान म्हणून माईक त्यांनाच दिला, की तुमी सगळ्यांना बोलवा. चाचांनी माईक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "सगळ्यांनी जेवायले चला."

संगीत खाली बसलं आणि त्यांचा आवाज गल्लीभर गेला. ते थांबले. संगीत उठलं. त्यांनी माईककडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पुलावाचा चमचा हातात घेऊन नुसतीच हसले.

"आधी बायामाणसं आणि लेकरं," चाचा म्हणाले. संगीत बसलं. "मग आमी." पुन्हा बसलं.

आणि त्यांनी माईक परत दिला नाही. आधी त्यांनी पुलावाची तारीफ केली. मग खानसाम्याची. मग नवऱ्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं की सासऱ्यांना सलाम कर. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी नुसतं "हां" म्हणून पाहिलं. आणि मग ढोलकीच्या थापांमधल्या रिकाम्या जागी "हां", पुढच्या जागी "हां". संगीत त्यांच्या प्रत्येक 'हां'ला लवायचं. लहान पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली आणि ओरडायला लागली, मग तरणी पोरं आली, आणि गंभीर पांढऱ्या दाढीचे ते गृहस्थ मांडवाच्या मध्यभागी उभे राहून "हां, हां" करत होते आणि सगळी गल्ली त्यांच्या तालावर नाचत होती. आवाज तेवढाच होता, बाजूच्या गल्लीतही गेला नसेल. कुणालाही वाईट वाटलं नाही. मी इतकी हसले की माझा पुलाव खुर्चीखाली गेला. माझी मैत्रीण नवरीच्या जागेवर घुंगट धरून बसली होती आणि तिचे खांदे हलताना मला माझ्या खुर्चीवरून दिसत होते.

दुपार कलली तेव्हा चाचांनी माईक खालाला दिला. पाठवणीची वेळ झाली होती. अकोटची बस गल्लीच्या तोंडाशी चालू करून ठेवली होती. खाला माईक हातात घेऊन पाहुण्यांना काहीतरी निरोपाचं बोलणार होती. तिनं "बेटा" एवढंच म्हटलं आणि रडू फुटलं.

माईक चालूच होता. तिचा प्रत्येक हुंदका संगीताला खाली दाबत होता. हुंदका थांबला की ढोलकी आणि पिंजण मोठ्यानं वर यायचे, पुढचा हुंदका आला की परत बसायचे. मी घाबरून बटणाकडे हात नेला. पण खालाच्याही ते लक्षात आलं होतं. तिनं रडतारडता स्पीकरकडे पाहिलं, मला हातानं थांबवलं, आणि मुद्दाम एक मोठा हुंदका दिला. संगीत पार जमिनीला टेकलं. आधी मुलगी हसली. मग खाला हसली, नाक ओढत, आणि ते हसणंही माईकमध्ये गेलं. दोघी गळ्यात गळा घालून रडत होत्या आणि हसत होत्या, आणि गाणं त्यांच्यामागे वरखाली होत होतं. खालू त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला.

बस गेली. मी गाणं शेवटपर्यंत वाजू दिलं.

नंतर ते गाणं अकोटला गेलं. चाचांनीच पेनड्राइव्हवर मागवून घेतलं होतं. पुढच्या हंगामात मला अकोट आणि दर्यापूरकडच्या तीन-चार घरांतून फोन आले, बँडशिवायच्या लग्नांसाठी. कुणी जात्याचा आवाज घेऊन आलं, कुणी पेरणीच्या तिफणीच्या घुंगरांचा. मी बँकेचा क्लास सोडला. बाबांनी कपाटातले अजून दोन खण रिकामे करून माझ्या तारा ठेवायला दिले आणि सांगितलं की आता पक्षकारांना कळलंय, कुजबुजायची गरज नाही.

माझी मैत्रीण आता अकोटात शिकवणीचे वर्ग घेते. मागच्या वेळी भेटली तेव्हा म्हणाली, वर्गात पोरं गोंगाट करतात, मी बोलले की गप होतीन असं काही तुझ्याकडे आहे का? मी म्हटलं, नाही. मग आम्ही दोघी त्याच्यावर इतक्या हसलो की आतून तेच पांढऱ्या दाढीचे चाचा विचारायला आले, काय झालं.